सांधा आणि पृष्ठभाग : रंगीत पेन्सिलीने काल्पनिक आकृती रेखाटण्याविषयी

प्रस्तावना

जो प्राणी कधी जन्मालाच आला नाही त्याचे चित्र काढण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. भीमबेटकाच्या एका शैलाश्रयात शिंगे असलेला अवाढव्य वराहसदृश पशू माणसाच्या मागे लागलेला रंगवला आहे, आणि तेव्हापासून देवळांचे उंबरठे, पोथ्यांचे समास, किल्ल्यांचे दरवाजे व आजच्या चित्रपटांचे आराखडे यांतून ही परंपरा कधी खंडित झालेली दिसत नाही. रंगीत पेन्सिल हे साधन मात्र या हौसेच्या मानाने कालपरवाचे आहे, आणि कलावंताचे गंभीर माध्यम म्हणून तिला मान मिळाला तो तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. या दोहोंचा मेळ का बसतो, कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, याचा विचार या ग्रंथात केलेला आहे. ‘काल्पनिक आकृती’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे : एकाहून अधिक प्राण्यांचे अवयव एकत्र आलेले पशू, अर्धे मानवी व अर्धे पशुरूप असे जीव, आणि प्रमाणे किंवा वर्ण बदलून कल्पिलेली मानवसदृश माणसे, म्हणजे यक्ष, राक्षस, खुजे, पऱ्या इत्यादी. केवळ नक्षी म्हणून येणारे आकार आणि अमूर्त रचना या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, कारण त्यांना शरीर नसते आणि पुढील सर्व विवेचन शरीराभोवती फिरते.

भारतीय चित्रविचारात चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ या टीकेत यशोधराने ती रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग अशी नोंदवली आहेत. यांपैकी वर्णिकाभंग म्हणजे रंगांची व साधनांची हाताळणी, आणि सादृश्य म्हणजे चित्राचे विषयवस्तूशी असलेले साम्य. काल्पनिक प्राण्याच्या बाबतीत यातील सादृश्याचेच कोडे पडते, कारण ज्याच्याशी ताडून पाहावे असे मूळच येथे उपलब्ध नसते. तरीही सामान्य प्रेक्षक एखादा ड्रॅगन ‘खरा वाटतो’ आणि दुसरा ‘चिकटवल्यासारखा दिसतो’ असा निवाडा क्षणात देतो, आणि बहुतेक वेळा तो निवाडा बरोबर असतो. याचा अर्थ सादृश्य येथेही काम करीत असते. फक्त ते संपूर्ण प्राण्याशी नसून त्याच्या भागांशी, त्या भागांच्या वजनाशी आणि विशेषतः ते भाग जेथे एकमेकांना मिळतात त्या जागांशी असते.

भाग पाहिलेलेच असतात, ही गोष्ट वेगवेगळ्या देशांतील कलावंतांनी परस्परांना न विचारता मान्य केलेली आहे. ओडिया कवी सारळादासाच्या महाभारतात अर्जुनासमोर प्रकट होणारा नवगुंजर हा नऊ प्राण्यांच्या अवयवांचा बनलेला आहे. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी असे त्याचे रूप पटचित्रांतून आजही रंगवले जाते, आणि त्याच्या एका पायाच्या जागी माणसाचा हात असतो. चिनी परंपरेत ड्रॅगनची नऊ साम्ये सांगितली जातात, ज्यांत हरणाची शिंगे, उंटाचे डोके, सापाची मान, कार्प माशाचे खवले आणि गरुडाच्या नख्या येतात. लिओनार्डो दा विंचीने आपल्या टिपणांत तरुण चित्रकाराला असाच सल्ला दिला आहे की कल्पित पशू नैसर्गिक वाटावा असे वाटत असेल तर त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या खऱ्या प्राण्यापासून घ्यावा. तिन्ही ठिकाणी अवयवांची यादी तपशीलवार आहे, पण ते जोडायचे कसे याविषयी तिन्ही याद्या गप्प आहेत. आणि अडचण नेमकी तेथे आहे.

मराठी माणसाच्या नित्य परिचयातील संमिश्र आकृती म्हणजे गणपती, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यातील रचनेची करामत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हत्तीचे मस्तक माणसाच्या धडावर बसवायचे तर खरी पंचाईत गळ्यापाशी होते, कारण हत्तीची मान आखूड व जाड असून ती पुढच्या पायांच्या भारदस्त खांद्यांत विरून जाते, तर माणसाची मान खांद्यांमधून दंडगोलासारखी वर येते. मूर्तिकारांनी हा प्रश्न तीन उपायांनी सोडवला आहे : सुपासारखे कान बाजूंनी खांद्यांवर टेकतात, सोंड समोरून उतरून गळ्याची जागा झाकते, आणि हार, उपरणे किंवा कंठा उरलेली रेघ लपवतो. नरसिंहाच्या मूर्तीत हेच काम आयाळ करते. सांधा झाकणे ही पळवाट नव्हे. जो सांधा दाखवून पटणार नाही तो कशाने झाकावा, आणि झाकणारी वस्तू त्याच शरीराची किंवा वेषाची कशी असावी, याचा तो विचारपूर्वक केलेला निर्णय आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या साच्यातच मुरलेला असतो. नव्या प्राण्याचे चित्र काढणाऱ्याला मात्र तो प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.

झाकता न येणारा सांधा म्हणजे पंखाचा. पक्ष्याचा पंख हा मुळात बदललेला हात आहे. त्यात दंडाचे हाड, पुढच्या हाताची दोन हाडे आणि जुळून गेलेली मनगट-बोटांची हाडे असतात, आणि पंख खाली मारणारे बलवान स्नायू छातीच्या मधल्या हाडाच्या उंच कडेला जोडलेले असतात. गरुडाला किंवा परीला दोन हातही हवे असतात आणि दोन पंखही. म्हणजे पाय धरून सहा अवयव झाले, आणि पाठीचा कणा असलेल्या कोणत्याही ज्ञात प्राण्याला चारांहून अधिक अवयव नाहीत. अशा वेळी पंख खांद्यावर चिकटवून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो आणि चित्र तेथेच फसते. पंखाचे मूळ खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये, किंचित खाली धरावे, त्याला स्वतःचे लहानसे पाते आहे असे मानून त्याभोवतीचे स्नायू जाड करावेत, छातीचा पिंजरा नेहमीपेक्षा खोल दाखवावा, आणि पंख उचललेला असेल तर हाताच्या पात्याची कडाही थोडी सरकलेली दाखवावी, म्हणजे पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी पटते. युरोपीय ड्रॅगनबाबत हीच अडचण आहे. ब्रिटिश वंशचिन्हशास्त्रात चार पायांचा पंखधारी ड्रॅगन आणि दोनच पायांचा ‘वायव्हर्न’ असे दोन वेगळे प्राणी मानले जातात. शरीररचनेच्या दृष्टीने वायव्हर्न अधिक सुसह्य आहे, कारण त्याचे पंख हेच त्याचे हात असतात. पंख चामड्याचा असेल तर वटवाघूळ पाहावे : त्याची चार लांबलेली बोटे छत्रीच्या काड्यांप्रमाणे पडदा ताणून धरतात आणि अंगठा मोकळा राहतो. नामशेष झालेल्या टेरोसॉरमध्ये मात्र पंखाचा सारा पडदा एकाच लांब बोटावर तोललेला होता. चित्रकाराने दोहोंपैकी कोणताही नमुना घ्यावा. पण सुरुवात एका नमुन्याने आणि शेवट दुसऱ्याने करू नये.

शरभाचा प्रश्न याहून अवघड आहे. संस्कृत ग्रंथांत शरभ हा आठ पायांचा, सिंहालाही भारी असा प्राणी म्हणून येतो आणि शैव परंपरेत तो नरसिंहाला आवरणारे शिवाचे रूप ठरतो. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर ज्यांना शरभ म्हटले जाते ती शिल्पे मात्र बहुधा चार पायांच्या, वाघ-सिंहासारख्या पशूची आहेत. जंजिऱ्याच्या दरवाजावर तर असा पशू पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडून उभा आहे. पाथरवटाने आठ पायांचा हट्ट सोडला यात त्याच्या कल्पनेची दुर्बलता पाहण्याचे कारण नाही. त्याने संख्या टाकली आणि सामर्थ्य ठेवले, आणि ते सामर्थ्य हत्तींना पंजाएवढे लहान करून दाखवले. आकारमानाचा असा उपयोग हे काल्पनिक चित्रणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी साधन आहे, व शिकाऊ चित्रकार त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात.

सांध्याच्या बरोबरीने महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे पृष्ठभाग, अर्थात कातडी, लोकर, पिसे व खवले. त्याचे उत्तम उदाहरण खऱ्या प्राण्याचे आहे, आणि त्याचा धागा गोव्यापर्यंत येतो. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या आरंभी गोव्याहून जहाजाने रवाना झाला आणि २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गमध्ये राहणाऱ्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो गेंडा कधीही पाहिला नाही. दुसऱ्याने पाठवलेले वर्णन व रेखाटन यांवरून त्याने त्याच वर्षी आपले प्रसिद्ध काष्ठमुद्रण तयार केले. त्या चित्रात कातडीच्या घड्यांचे लोखंडी चिलखतासारखे पत्रे झाले आहेत, पायांवर खवले आहेत आणि पाठीवर, मानेच्या मागे, एक जादा पिळदार शिंग आहे. चित्र चुकीचे होते आणि तरीही अठराव्या शतकापर्यंत युरोपातील निसर्गवर्णनपर ग्रंथांतून गेंडा म्हणून तेच छापले जात राहिले. याचे कारण ड्यूररच्या पृष्ठभागात आहे. प्रत्येक पत्र्याला कड आहे, कडेला जाडी आहे, एका पोताची जागा दुसरा पोत कोठे घेतो हे स्पष्ट आहे, आणि कोठेही ‘येथे काय असेल कोण जाणे’ असे म्हणून रेघ अंधारात सोडलेली नाही. तो गेंडा पुढे १५१६ मध्ये पोपकडे पाठवला जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. त्याचे चित्र मात्र खऱ्या गेंड्यांना पुरून उरले.

मानवसदृश आकृतींबाबत पहिला निर्णय प्रमाणाचा असतो. भारतीय मूर्तिशास्त्रातील तालमान ही पद्धत येथे फार उपयोगाची आहे. ताल म्हणजे हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याची लांबी, जिचे १२ अंगुळे असे भाग करतात, आणि संपूर्ण शरीराची उंची त्या मापाच्या पटीत सांगतात. प्रमुख देवतांना दशताल किंवा नवताल, गणपतीला पंचताल, आणि भूतगणांना त्याहूनही कमी असे मान ठरलेले आहे. पाश्चात्त्य कलाशिक्षणात हेच मोजमाप डोक्याच्या पटीत करतात. सामान्य प्रौढ माणूस सुमारे साडेसात डोक्यांचा आणि वीरपुरुष आठ किंवा थोड्या अधिक डोक्यांचा धरला जातो. म्हणून खुजा माणूस काढताना उंच माणूस सरसकट लहान करून भागत नाही. डोके जवळपास तेवढेच ठेवून बाकीचे शरीर आखूड करावे लागते. राक्षसाचे उलट असते. ज्याला पर्वताएवढा दाखवायचा त्याचे डोके देहाच्या मानाने लहान ठेवावे लागते, नाहीतर तो प्रचंड मूल वाटू लागतो.

आता साधनाकडे वळता येईल. साध्या पेन्सिलीच्या गाभ्यात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, आणि तो भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात; या मिश्रणाची रीत फ्रान्सच्या निकोला-झाक काँतेने १७९५ मध्ये बसवली. रंगीत पेन्सिलीचा गाभा असा भाजता येत नाही, कारण त्या उष्णतेत बहुतेक रंगद्रव्ये जळून जातील. त्यामुळे रंगद्रव्य, केओलिन म्हणजे चिनी माती किंवा शंखजिरे यांसारखे पूरक, आणि चिकटपणासाठी सेल्युलोजचे बंधक पाण्यात मळून ते बारीक छिद्रातून शेवयांसारखे बाहेर काढतात, वाळवतात, आणि मग गरम मेणात किंवा तेलात मुरवतात. मेणाचे प्रमाण अधिक असेल तर पेन्सिल मऊ व भरदार लागते पण टोक लवकर बोथट होते. तेलाचे असेल तर गाभा किंचित कडक राहून बारीक रेषेला बरा पडतो. न्यूरेंबर्गजवळच्या श्टाइन गावी १७६१ पासून चालत आलेल्या फाबर-कास्टेल कारखान्याने १९०८ मध्ये ‘पॉलिक्रोमोस’ ही कलावंतांसाठीची मालिका ६० रंगांत आणली, म्हणजे ड्यूररच्या गावाच्या वेशीवरच हे साधन वयात आले असे म्हणावयास हरकत नाही. जिनेव्हाच्या कारान दाशने १९३१ मध्ये पाण्यात विरघळणारी ‘प्रिस्मालो’ काढली आणि अमेरिकेत १९३८ मध्ये ‘प्रिस्माकलर’ आली. तरीही छापील चित्रांच्या जगात जलरंग आणि शाई यांचेच राज्य राहिले. आर्थर रॅकहॅम व एडमंड दुलाक यांच्या परीकथांची चित्रे त्याच माध्यमांतली आहेत, आणि मराठी वाचकाला ‘चांदोबा’तून भेटलेला, शंकर या नावाने चित्रे काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचा विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळही काही रंगीत पेन्सिलीने जन्मलेला नाही.

एक अपवाद नोंदवण्याजोगा आहे. जे. आर. आर. टोल्किन याने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहीत असताना त्यातील काही स्थळे रंगीत पेन्सिलीने रेखाटली; बराद-दूर हा काळा किल्ला आणि ओल्ड मॅन विलो हा दुष्ट वृक्ष ही त्यांतली ठळक उदाहरणे. ‘द हॉबिट’साठी जलरंगात केलेल्या चित्रांच्या उलट ही चित्रे छापण्यासाठी नव्हती, जे लिहायचे ते आधी स्वतःला दिसावे म्हणून ती काढलेली होती, आणि १९५४-५५ च्या पहिल्या आवृत्तीत ती आली नाहीत. लेखकाच्या मेजावर पाण्याचे भांडे व पॅलेट न मांडता हाती घेता येईल असे हे माध्यम, विचार करता करता काढायच्या चित्राला किती सोयीचे आहे, हे त्यावरून दिसते.

रंगीत पेन्सिल काल्पनिक प्राण्याला विशेष मानवते याचे मुख्य कारण तिच्या पारदर्शकतेत आहे. पेन्सिलीचा हलका थर कागदाच्या दाण्यावर, म्हणजे त्याच्या सूक्ष्म उंचवट्यांवर, बसतो आणि मधल्या खळग्यांतून कागदाचा पांढरेपणा व खालचे रंग दिसत राहतात. त्यामुळे पाच-सात किंवा त्याहून अधिक थरांनंतर डोळ्याला जो रंग दिसतो तो पॅलेटवर कालवलेला नसून थर एकमेकांतून दिसण्याने तयार झालेला असतो. या गुणधर्माचा उपयोग सांध्यावर करता येतो, आणि ग्रंथातील बहुतेक पाठ याच एका युक्तीवर उभे आहेत. तिला येथे ‘समाईक तळथर’ असे नाव दिले आहे. गरुडाच्या पाठीचे उदाहरण घेतल्यास, कातडी आणि पिसे यांचे रंग वेगवेगळे ठरवण्याआधी दोहोंखाली पिवळसर गेरूचा एकच सलग थर द्यावा आणि सांध्याची सावली त्याच वेळी फिक्या जांभळ्याने टाकून घ्यावी. मग कातडीच्या बाजूने तांबूस आणि पिसांच्या बाजूने तपकिरी-निळे थर चढवत यावे. पिसांची सुरुवात मोठ्या पिसांनी न करता कातडीतून उगवणाऱ्या बारीक लवेपासून करावी. त्यानंतर आवरणपिसांची आखूड रांग, मग पुढच्या हाताला जोडलेली मधली पिसे आणि शेवटी पंजाला जोडलेली लांब उड्डाणपिसे. दोन्ही प्रदेशांतून तोच गेरू डोकावत राहतो, म्हणून एकच रक्त दोहोंत खेळत असल्याचा भास होतो. अपारदर्शक रंगांत हा परिणाम साधण्यासाठी प्रत्येक मिश्रणात तोच रंग जाणीवपूर्वक कालवावा लागतो. येथे तो आपोआप येतो.

याच पारदर्शकतेची दुसरी बाजू कठोर आहे. गडदावर फिका रंग नीट बसत नाही आणि पांढरी पेन्सिल काळोखावर फिरवली तर उजेडाऐवजी धूसर पट्टा उमटतो. म्हणजे उजेड कोठे राहणार हे पहिल्या थराआधीच ठरवावे लागते. खवल्यांच्या बाबतीत त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. चित्राखाली चार-सहा कागदांची मऊ गादी ठेवावी, बंद पडलेल्या बॉलपेनच्या टोकाने किंवा विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने प्रत्येक खवल्याची वरची कड कागदात दाबून कोरून घ्यावी, आणि मग पेन्सिल आडवी धरून वरून रंग फिरवावा. रंग उंचवट्यांवर बसतो, कोरलेल्या चरीत उतरत नाही, आणि कडेची पांढरी चमक आपोआप शिल्लक राहते. चर कोरताना खवल्यांची ओळ अंगाच्या गोलाईबरोबर वळली पाहिजे व पोटाकडे जाताना अरुंद झाली पाहिजे, कारण एकदा दाबलेली रेघ खोडरबराने जात नाही. चर आधी फिक्या पिवळ्याने रंगवून मग कोरली तर चमक सोनेरी मिळते. नाग, मत्स्यकन्या व मकर या तिघांनाही हे लागू आहे, पण मकरावर ते जपून करावे. त्याचा पुढचा भाग हत्तीचा किंवा मगरीचा असतो आणि तेथे माशाचा खवला परका दिसतो.

काळी पेन्सिल पेटीत असली तरी पहिल्या काही महिन्यांत ती बाजूला ठेवावी, असा या ग्रंथाचा आग्रह आहे. व्याल या काल्पनिक पशूची अंगकांती किंवा वेताळाचे केस काळ्याने भरले की तेथे भोक पडल्यासारखे दिसते, कारण निव्वळ काळ्यात आतला कोणताही थर चमकत नाही. गडद निळा, गडद तपकिरी आणि किरमिजी असे तीन रंग एकमेकांवर दिले तर मिळणारा काळोख उजेडाकडे झुकताना कधी निळसर, कधी तांबूस होतो, आणि केसांच्या दिशेने मारलेल्या प्रत्येक रेघेला जागा राहते. शेवटी, पोत गुळगुळीत हवा असेल तेथे, फिक्या रंगाच्या किंवा बिनरंगी पेन्सिलीने दाब देऊन थर घोटावेत. लघुचित्रकार अकीकाच्या दगडाने करीत ती घोटाई आणि ही घोटाई यांत साधर्म्य असले तरी भेद विसरू नये : दगड रंगाला घट्ट बसवतो, तर पेन्सिल कागदाचा दाणाच भरून टाकते आणि त्यानंतर नवा थर धरत नाही. म्हणून घोटणे हे शेवटचे काम. अनेक होतकरू चित्रकार अधीर होऊन ते मध्येच करतात आणि मग ‘रंग चढत नाही’ म्हणून पेन्सिलीला दोष देतात.

डोळ्यांविषयी थोडे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत जाणत्या हाताकडे असते, आणि येथेही तोच दंडक पाळावा. उभी फट असलेली बाहुली मांजर, अनेक साप व मगर यांत आढळते. जमिनीलगत दबा धरून शिकार करणाऱ्यांना ती उपयोगी पडते. चरणाऱ्या शेळी-मेंढीची बाहुली आडवी असते, तर वाघ-सिंहांची गोलच असते. तेव्हा सिंहमुखी व्यालाला ‘भीतिदायक’ म्हणून मांजराची फट देणे हा संकेत झाला, निरीक्षण नव्हे.

टिकाऊपणाचे दोन प्रश्न चित्र पूर्ण झाल्यावर उभे राहतात. मेणाधारित पेन्सिलीचे दाट थर काही दिवसांनी पांढुरक्या धुक्याने झाकल्यासारखे दिसतात; थरांतील मेण वर येऊन हे घडते, ते मऊ कापडाने हलकेच पुसता येते आणि नंतर फिक्सेटिव्हचा पातळ फवारा दिल्यास सहसा परतत नाही. दुसरा प्रश्न गंभीर आहे. काही गुलाबी आणि जांभळ्या छटा उजेडात उडतात, आणि परीचे गाल व पंख नेमके त्याच छटांत रंगवण्याची रूढी आहे. रंगीत पेन्सिलींच्या प्रकाशस्थैर्यासाठी, म्हणजे उजेडात रंग टिकण्याच्या क्षमतेसाठी, एएसटीएम डी-६९०१ हे मानक अस्तित्वात आहे. चांगले उत्पादक पेन्सिलीवर किंवा रंगतक्त्यावर तिचा दर्जा छापतात. जेथे छापलेला नसेल तेथे प्रत्येक रंगाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून काही महिने उन्हाच्या खिडकीत ठेवावी आणि निकाल स्वतःच पाहावा.

महाराष्ट्रात रंगीत पेन्सिल शाळेच्या दप्तराबाहेर फारशी पडली नाही. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत पाया घातलेला कॅम्लिन आणि १९५८ पासूनची हिंदुस्तान पेन्सिल्स यांनी ती घरोघर पोचवली, पण पोचवली ती मुलांचे साधन म्हणून, आणि इयत्ता वाढली की ती जलरंगांना व पोस्टर रंगांना जागा करून देते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत स्मरणचित्राचा विषय असतो, म्हणजे समोर वस्तू नसताना मनातून आकृती उभी करण्याची सवय येथल्या हजारो मुलांना लागलेली असते. काल्पनिक प्राण्याच्या चित्रणाला याहून चांगली पूर्वतयारी नाही. त्या सवयीला शरीररचनेच्या अभ्यासाची जोड मात्र पुढे मिळत नाही, आणि बाजारातील पोस्टरे व भ्रमणध्वनीवरील तयार चित्रे पाहून नक्कल करण्याकडे कल झुकतो. चित्रपटांसाठी प्राणी घडवणाऱ्यांचा मार्ग याच्या उलट असतो; १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील जीवांची रचना करणारी टेरिल व्हिटलॅच हिच्या रेखाटनांत सांगाडा व स्नायू यांना कातडीइतकेच महत्त्व आहे.

ग्रंथाची रचना याच क्रमाने केली आहे : आधी हाडे, मग सांधे, त्यानंतर पृष्ठभाग आणि सर्वांत शेवटी रंगयोजना. रंगापासून सुरुवात करण्याची ज्यांना घाई असेल त्यांनी शेवटचा भाग आधी उघडला तरी हरकत नाही, पण पंखांचे प्रकरण वगळू नये. साहित्याबद्दल एवढेच सांगावयाचे की महागडी १२० रंगांची पेटी घेण्याची आरंभी गरज नाही. पिवळा गेरू, किरमिजी, तांबडा, दोन निळे, एक हिरवा, गडद तपकिरी, फिका जांभळा, पांढरा आणि एक बिनरंगी पेन्सिल एवढ्यांत पहिले सर्व पाठ करता येतात. मात्र कागद जाड व दाणेदार घ्यावा, टोक सतत काढत राहावे, आणि पहिला गरुड काढण्याआधी दारात येणाऱ्या कावळ्याचे, घारीचे किंवा कबुतराचे पसरलेले पंख निदान दहा वेळा साध्या पेन्सिलीने काढून पाहावेत.